होतकरू

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा भाऊजींनी फोनवर एवढंच विचारलं, "दीड महिना काढशील का?" काढला. २०२३चा जुलै संपत आला होता. हैदराबादहून निघाले आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ॲपलटन नावाच्या गावी जाऊन राहिले. कामही बरोबर नेलं होतं. नवोदित अनुवादकांसाठी असलेल्या एका शिष्यवृत्तीला अकरा नमुने आले होते. ते वाचून प्रत्येकावर पानभर अभिप्राय लिहायचा होता. ताईला उठवणं-बसवणं, तिचे व्यायाम मोजणं, वरणभाताचा कुकर लावणं आणि उरल्या वेळात अभिप्राय, असा माझा बेत. त्या घरात रोज रात्री जेवणाच्या टेबलावर आणखी एका माणसाबद्दल अभिप्राय दिले जातात, हे मला पोचल्यावर कळलं.

तो माणूस म्हणजे जॉर्डन लव्ह, वय वर्षं चोवीस, ग्रीन बे पॅकर्स या संघाचा नवा क्वार्टरबॅक. मोसम सुरू व्हायला महिना होता. हा मुलगा चालेल की नाही, यावर त्या गावात दुसरं बोलणंच नव्हतं.

मला हा खेळ अजिबात ठाऊक नव्हता. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम थोडं, हातांचं जास्त, इतपत ऐकलेलं. भाऊजींनी टेबलावर मीठ, मिरपूड आणि लोणच्याच्या बरण्या मांडून मला तो शिकवला. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जाणार. लोणच्याची बरणी म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. मग अडीच-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, लांब फेकायचा की स्वतः पळायचं. तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात. "बाकीचे दहा चुकले तर सावरता येतं," भाऊजी म्हणाले, "हा चुकला की संपलं."

भाऊजी कागदाच्या धंद्यातले इंजिनियर. फॉक्स नदीच्या काठाने कागदाच्या गिरण्या आहेत, त्यांतल्या एकीत नोकरी लागली म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी ते इथे आले. सोमवारी सकाळी ऑफिसात चार माणसांशी बोलायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी हा खेळ शिकून घेतला. व्याकरण घोकून भाषा शिकतात तसा. त्यामुळे त्यांची मतं पक्की आणि आकडेवारीसकट असतात.

ग्रीन बे तिथून पन्नासेक किलोमीटरवर. गावाची वस्ती जेमतेम लाखभर. एवढ्याशा गावाचा संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांशी खेळतो, आणि त्याला कोणी एक धनाढ्य मालक नाही. तो हजारो भागधारकांचा आहे. १९१९ साली संघ निघाला तेव्हा कपड्यांसाठी पैसे दिले ते इंडियन पॅकिंग कंपनी नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याने, म्हणून नाव पॅकर्स. त्या 'इंडियन'चा आपल्याशी संबंध नाही हे ऐकून मी उगाचच थोडी खट्टू झाले. शेजारच्या आजोबांच्या दिवाणखान्यात भागाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. या भागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. "मग मिळतं काय?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "मत मांडायचा हक्क."

तो हक्क ते रोज आमच्या टेबलावर येऊन बजावत.

वाद समजायला मागची हकिकत हवी. १९९२ ते २००७ या संघाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व. त्याच्यामागे ॲरन रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला आणि २००८पासून खेळू लागला. पंधरा मोसम तो मुख्य खेळाडू होता. म्हणजे तीस वर्षांत त्या गावाने एका हाताच्या बोटांवर मोजायच्या गोष्टीसाठी दोनच बोटं वापरली. २०२०च्या निवडीत संघाने तिसाव्या क्रमांकावरून सव्विसाव्यावर उडी मारून यूटा स्टेट विद्यापीठातला जॉर्डन लव्ह घेतला. रॉजर्स तेव्हा ऐन भरात होता. लोकांना चेंडू झेलणारा गडी हवा होता आणि संघाने रॉजर्सचा वारस आणला. रॉजर्सने पुढची लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेऊन त्याला उत्तर दिलं. लव्ह पहिल्या वर्षी एकाही सामन्यात उतरला नाही. तीन वर्षं अशी गेली. मग २०२३च्या एप्रिलमध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि बाकावरचा मुलगा उभा राहिला.

"तीन वर्षं पॅड बांधून बसलेला माणूस," भाऊजी म्हणत. "चांगला असता तर आत घेतला नसता?" त्यांचे मुद्दे ठरलेले. तीन वर्षांत सुरुवातीपासून खेळलेला सामना एकच, २०२१चा कॅन्सस सिटीतला, तोही १३-७ असा हरलेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वीस टचडाऊन पास आणि सतरा चेंडू समोरच्यांच्या हातात. संघाचाही भरवसा अर्धाच. मोठा करार केलाच नाही, फक्त एक वर्ष वाढवून दिलं. "म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. मुलगी पसंत आहे, पण साखरपुडा पुढच्या वर्षी."

आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले, बोलायला सावकाश. ते म्हणत, त्याच मुलाने कॉलेजात त्याच्या आदल्या वर्षी बत्तीस टचडाऊन पास दिले होते आणि सहाच चेंडू घालवले होते. मधल्या काळात तिथला प्रशिक्षक बदलला, बरोबरचे गडी गेले. गेल्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात रॉजर्स जखमी झाला तेव्हा याने आत जाऊन दुसऱ्या वर्षाच्या पोराला त्रेसष्ट यार्डांचा टचडाऊन दिला... इथे भाऊजी दुरुस्त करत, "दुसऱ्या नाही, पहिल्या वर्षाच्या." आजोबा मान डोलवत आणि पुढे चालू ठेवत. रॉजर्सही तीन वर्षं बसलाच होता. बसणं म्हणजे रिकामं असणं नव्हे.

ताई पाय उशीवर ठेवून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "मुलगा दिसायला गोड आहे, एवढं माझं मत लिहून घ्या."

या टेबलावर चौथी खुर्ची माझ्या भाच्याची. तो एकोणीस वर्षांचा. विद्यापीठातलं पहिलं वर्ष कसंबसं पूर्ण करून दुसऱ्याच्या मध्यावर तो घरी परत आला होता. का, ते कोणी मला सांगितलं नाही. ताईने फोनवर "सध्या ब्रेक घेतलाय" म्हटलं होतं आणि लगेच माझ्या प्रवासाचं विचारलं होतं. तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात नळजोडणीच्या सामानाकडे उभा राहायचा. परतला की जेवायचा, ताट घासायचा, आईच्या औषधांच्या वेळा माझ्याआधी त्याच्या लक्षात असायच्या. वादात बोलायचा नाही. मला वाटलं, त्याला खेळात रस नाही.

तो गैरसमज आजोबांमुळे गेला. एका सकाळी ते आम्हा दोघांना ग्रीन बेला सराव बघायला घेऊन गेले. तिथे एक जुनी रीत आहे. गावातली मुलं आपापल्या सायकली घेऊन मैदानाबाहेर थांबतात, खेळाडू त्यांच्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानावर जातात, आणि मुलं त्यांची शिरस्त्राणं धरून शेजारून पळतात. दीडशे किलोचा गडी सात वर्षांच्या मुलीच्या सायकलवर, गुडघे हनुवटीला लागलेले. मी हसत होते. भाचा मात्र कुंपणाला रेलून पलीकडे बघत होता. "दहा नंबर," तो म्हणाला. "हात बघू नकोस मावशी, पाय बघ."

मी पाय बघितले. उंच, शांत मुलगा. मागे सरकताना छोटी छोटी पावलं टाकत होता, जणू अंधारात ओळखीच्या घरात चालतो आहे. चेंडू फेकला की दर वेळी झेलला जाईच असं नव्हतं. झेलणारे सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे. एक हातातून निसटला तेव्हा बाकांवरून कोणीतरी मोठ्याने नापसंती दाखवली. भाच्याने मागे वळून त्या माणसाकडे पाहिलं आणि पुन्हा मैदानाकडे तोंड फिरवलं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "तो चौदा वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील गेले. बाबांच्या आकड्यांत ते कुठे धरतात?" आजोबांना मराठी कळत नाही. उत्तर मी द्यायला हवं होतं. मी बाहेरची मक्याची शेतं बघत राहिले.

आता माझ्या चुकीकडे येते.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत मलाही खेळ कळू लागला होता, आणि नुकतंच कळू लागलेल्या माणसाचा उत्साह अंगात होता. अभिप्रायही निम्मे लिहून झाले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या तयारीबद्दल मत देत बसलं की माणसाच्या आवाजात एक प्रकारची खात्री येते. त्या रात्री आजोबा नव्हते. भाऊजींनी नेहमीचा प्रश्न टाकला आणि मी म्हणाले, "मला नाही वाटत चालेल. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ज्याच्यात असतं त्याचं चोवीसपर्यंत दिसून जातं. नंतर आपण कारणं शोधत बसतो." वाक्य चांगलं जमलं असं मला वाटलं, हेही कबूल करते. भाऊजी खूश झाले. "बघ, बाहेरून आलेल्या माणसालाही कळतं."

भाच्याने ताट उचललं, घासलं, जागेवर ठेवलं आणि तो गॅरेजमध्ये निघून गेला. ताईने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मला दिसलं की महिनाभर त्या टेबलावर काय चाललं होतं. ज्याच्याबद्दल बोलायची भीती वाटत होती, त्याच्याबद्दल बोलण्याची सोय त्या घराने शोधून काढली होती. भाऊजींना एकच विचारायचं होतं, माझ्या मुलाचं काय होणार? ते विचारता येत नव्हतं, म्हणून ते दुसऱ्याच्या मुलाबद्दल विचारत होते. त्यांचं वाईटातलं वाईट बोलणं म्हणजे त्यांची भीती होती. आणि मुलगा समोर बसून ते सगळं स्वतःच्या नावावर लिहून घेत होता. मी त्यात म्हणीचा शिक्का मारला होता.

म्हणीचाही विचार त्या रात्री केला. पाळण्यातले पाय दिसतात खरे, पण बहुतेक वेळा मुलगा चालून दाखवल्यानंतर दिसतात. टॉम ब्रेडी २००० सालच्या निवडीत १९९वा होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले. पुढे त्याने सात विजेतेपदं मिळवली. २००७मध्ये सगळ्यांत पहिला निवडलेला जामार्कस रसेल तीन मोसमांत बाहेर पडला. दोघांचेही पाळण्यातले पाय शेकडो जाणत्या माणसांनी घड्याळ लावून तपासले होते.

अकराच्या सुमारास गॅरेजमध्ये गेले. तो जुन्या नळाची चकती बदलत बसला होता. मी माफी मागायची तयारी करून गेले होते, तर तोच म्हणाला, "मावशी, होतकरू म्हणजे काय ग?"

लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची मला सवय आहे. जिन्याखालच्या खोलीत मी अभिप्राय वाचायचे ते त्याच्या कानावर जात होतं. अकरापैकी सहा जणांना मी 'होतकरू' म्हटलं होतं.

"प्रॉमिसिंग," मी म्हणाले.

"म्हणजे त्याने प्रॉमिस केलंय?"

वीस वर्षं अनुवाद करते. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. केलं तेव्हा शब्दांच्या सावल्या किती लांब पडतात यावर चर्चासत्रं ऐकली. पण या शब्दाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. इंग्रजीने ज्याला वचन देणारा म्हटलं, त्याने खरं तर कोणालाच वचन दिलेलं नसतं. आपणच त्याच्या वतीने ते देऊन टाकतो आणि मग पाळलं नाही म्हणून रागावतो. मराठीतला शब्द माझ्या कानाला निराळा लागतो. त्यात होणं ऐकू येतं, करणंही ऐकू येतं, वचन कुठे नाही. पण आम्ही अभिप्राय लिहिणारे तो वापरतो कसा? 'होतकरू, पण' असा. त्या 'पण'नंतरचं वाक्य आधीच तयार असतं. हे सगळं मी त्याला सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. मग म्हणाले, "जेवताना मी मूर्खासारखं बोलले."

"तू त्याच्याबद्दल बोलत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मग ठीक आहे." दोघांनाही माहीत होतं की ठीक नाही. पण त्याला तेवढ्यावरच थांबायचं होतं आणि मी थांबले.

त्याने फोनवर एक तुकडा दाखवला. तोच फिलाडेल्फियातला. चार-पाच वेळा मागे-पुढे करून दाखवला. "हे बघ, हात सुटतोय आणि तो माणूस अजून तिथे नाही. तिथे कोणीच नाही. तो येईल म्हणून टाकलाय." मी विचारलं, "आणि नाही आला तर?" तो म्हणाला, "मग मूर्ख दिसतो. बाबा आकड्यात धरतात." आम्ही दोघंही हसलो. नळ दुरुस्त झाला होता. तो स्वयंपाकघरात नेऊन त्याने बसवला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी अभिप्राय नव्याने लिहिले. 'होतकरू' काढून टाकला, 'अपक्व'ही काढला. कोणतं वाक्य उभं राहिलं, कोणतं पडलं, का पडलं असावं, एवढंच लिहिलं. काम तिपटीने वाढलं. हे लोक पुढे काय होतील ते लिहायचं टाळलं, तेव्हा लक्षात आलं की आधीच्या मसुद्यांत मी मुख्यत्वे तेच लिहिलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी हैदराबादला परतले. १० तारखेला शिकागोत पहिला सामना होता, आपल्याकडे रात्रीचे दोन. मी जागी होते. भाच्याचे संदेश येत होते, एकेका शब्दाचे. पॅकर्स ३८-२० असे जिंकले, लव्हचे तीन टचडाऊन पास. लगेच पुढच्या रात्री रॉजर्सचा नव्या संघातला पहिला सामना होता. त्यात चौथ्याच डावाला त्याच्या टाचेची शीर तुटली आणि त्याचा मोसम संपला. महिनाभराच्या चर्चेत ही शक्यता कोणाच्याच तोंडी आली नव्हती.

मग घसरण सुरू झाली. लागोपाठ चार हरले. सातपैकी पाच हरून झाल्यावर भाऊजींचा संदेश आला, "सांगितलं होतं." नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटला हरवलं, पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीला. मोसम ९-८वर संपला आणि शेवटच्या जागेवरून बाद फेरीत शिरून त्यांनी डॅलसला डॅलसमध्ये ४८-३२ असं हरवलं. भाऊजींचा संदेश: "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोरात दम आहे." ताईने खाली तीन हसरे चेहरे टाकले.

पुढचा सामना सॅन फ्रान्सिस्कोशी. तिकडचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, २०२२च्या निवडीतला अगदी शेवटचा, २६२वा. शेवटच्या मिनिटाला लव्हने पळता पळता मैदानाच्या आडवा चेंडू फेकला. तिथे कोणीतरी येईल म्हणून फेकला होता. आला तो समोरच्या संघाचा. २४-२१, संपलं. त्या उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी चार वर्षांचा बावीस कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे आजोबा बरोबर आणि भाऊजी चूक, असं म्हणता येईल. पण त्या शेवटच्या चेंडूवरून भाऊजींनी नवा वाद उकरून काढला आहे, आणि आजोबा रोज येतच आहेत.

भाच्याचं काय झालं, असं हे वाचणारे विचारतील. या गोष्टीला साजेसं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असतं तरी इथे दिलं नसतं. तो दुकानात आहे. मध्ये एका तंत्रशाळेत संध्याकाळचा एक वर्ग सुरू केला, मग सोडला, मग दुसरा धरला. भाऊजी आता जेवताना त्याला दुकानातलं विचारतात. पाण्याचा दाब, पाइपांचे व्यास. इंजिनियर माणूस, त्यात रमतात.

२०२४च्या ऑगस्टमध्ये त्याचा संदेश आला. "यंदा काय वाटतं मावशी?"

उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: "पाय बघते आहे. सामना आपल्याकडे किती वाजता?"